अकाउंट एंगेजमेंट स्पेशालिस्ट परीक्षा: मुंबईत नोकरी सांभाळून सहा आठवड्यांची तयारी

वागळे इस्टेटमधली, पॅकिंगची मशिनं बनवणारी एखादी कंपनी धरा. तिच्या वेबसाइटवर 'किंमतपत्रक मागवा' हा फॉर्म तीन महिन्यांपासून आहे आणि ४०० जणांनी तो भरला आहे. आज मालक सांगतात, "हा फॉर्म ज्यांनी भरलाय ते आणि यापुढे भरतील तेही, सगळे एका यादीत आले पाहिजेत." अकाउंट एंगेजमेंट या सेल्सफोर्सच्या मार्केटिंग सॉफ्टवेअरमध्ये फॉर्मला कम्प्लिशन ॲक्शन, म्हणजे फॉर्म भरल्यावर आपोआप होणारी कृती, जोडून हे काम होईल का? होणार नाही. ती आजपासून पुढे भरणाऱ्यांवरच चालते, आधीचे ४०० जण होते तिथेच राहतात. सेगमेंटेशन रूल, म्हणजे एकदाच चालणारा नियम, चालवला तर ते ४०० येतील, पण उद्या फॉर्म भरणारा ४०१वा बाहेर राहील. इथे सतत चालू राहणारा ऑटोमेशन रूलच लागतो.

सेल्सफोर्सच्या 'मार्केटिंग क्लाउड अकाउंट एंगेजमेंट स्पेशालिस्ट' परीक्षेत अशा धाटणीचे प्रश्न भरपूर असतात. व्याख्या पाठ असूनही लोक नापास होतात ते इथेच. म्हणून प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: हे कोणाकोणावर चालतं, केव्हापासून चालतं आणि एकाच माणसावर किती वेळा चालतं. पुढची सगळी तयारी या तीन प्रश्नांभोवतीच आहे.

आधी परीक्षा नीट ओळखा

हे सॉफ्टवेअर पूर्वी पार्डॉट या नावाने ओळखलं जायचं. २०१२ मध्ये एक्झॅक्टटार्गेटने पार्डॉट विकत घेतलं आणि २०१३ मध्ये सेल्सफोर्सने एक्झॅक्टटार्गेटच घेतलं. त्यामुळे एकाच घरात दोन वेगळी साधनं आली. एक्झॅक्टटार्गेटपासून आजचं मार्केटिंग क्लाउड एंगेजमेंट झालं, तर पार्डॉटचं नाव २०२२ मध्ये बदलून अकाउंट एंगेजमेंट ठेवलं गेलं. नावं इतकी जवळची आहेत की नोंदणी करताना चुकीची परीक्षा निवडली जाऊ शकते. जर्नी बिल्डर, डेटा एक्स्टेन्शन हे शब्द अभ्यासात यायला लागले तर तुम्ही दुसऱ्याच उत्पादनाचं वाचताय असं समजा. जुन्या टिपणांत 'पार्डॉट' असलं तर मात्र बिचकू नका. मूळ कल्पना त्याच आहेत. ऑफिसातही अजून बरेच जण पार्डॉटच म्हणतात.

परीक्षेत गुणांचे ६० प्रश्न असतात. त्यात बिनगुणांचे पाचपर्यंत प्रश्न मिसळलेले असू शकतात, पण ते कोणते हे कळत नाही. वेळ ९० मिनिटं. उत्तीर्ण व्हायला ७२ टक्के लागतात. ६० पैकी ४३ बरोबर आले तर ७१.६७ टक्के होतात, म्हणजे थोडक्यात हुकतं. लक्ष्य ४४ चं ठेवा आणि सराव ५० बरोबर येईपर्यंत करा.

विषयांचं वजन असं आहे: लीड मॅनेजमेंट, म्हणजे संभाव्य ग्राहकांची हाताळणी, २४ टक्के, फॉर्म, फॉर्म हँडलर आणि लँडिंग पेज मिळून २० टक्के, ईमेल मार्केटिंग २० टक्के, एंगेजमेंट स्टुडिओ (टप्प्याटप्प्याने ईमेल पाठवणारे कार्यक्रम बांधायचं साधन) १७ टक्के, ॲडमिनिस्ट्रेशन ११ टक्के, व्हिजिटर (निनावी पाहुणा) आणि प्रॉस्पेक्ट (ईमेल पत्ता कळलेला माणूस) ८ टक्के. प्रश्नांत मोजायचं तर साधारण १४, १२, १२, १०, ७ आणि ५. सेल्सफोर्सच्या ट्रेलहेड या शिकण्याच्या साइटवरची अधिकृत एक्झाम गाइड हा यातला पहिला कागद. ती उघडा, त्यातली प्रत्येक ओळ वहीत उतरवा आणि प्रत्येक ओळीपुढे 'येतं', 'अर्धवट' किंवा 'कोरं' असं लिहा. या कामाला दीड तास लागतो. तो टाळून थेट व्हिडिओ बघायला बसलात, तर जे आधीपासून येतं तेच पुन्हा बघण्यात पहिले दोन आठवडे जातात.

वेळ कुठे घालायचा

आठवड्याला आठ तास धरले तर सहा आठवड्यांत ४८ तास होतात. वाटणी अशी करा: लीड मॅनेजमेंट १२, फॉर्म १०, एंगेजमेंट स्टुडिओ १०, ईमेल ८, ॲडमिनिस्ट्रेशन ४, व्हिजिटर आणि प्रॉस्पेक्ट ४. ईमेलचं वजन एंगेजमेंट स्टुडिओपेक्षा जास्त असूनही तास कमी दिले आहेत. ईमेल मार्केटिंग बहुतेकांनी आधी केलेलं असतं, एंगेजमेंट स्टुडिओ मात्र करून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

हे आठ तास मुंबईत कसे काढायचे हा वेगळा प्रश्न आहे. डोंबिवली किंवा विरारहून रोज ये-जा करणाऱ्याला गाडीत वेळ मिळतो, पण एक हात वर कडीला असताना लॅपटॉप निघत नाही आणि व्हिडिओचा आवाजही धड ऐकू येत नाही. गाडीत कार्डं चालतात. फोनमध्ये किंवा कागदावर ६० ते ७० कार्डं बनवा. पुढच्या बाजूला व्याख्या लिहू नका, प्रसंग लिहा: 'गुण १०० च्या वर गेले की यादीत यावं, खाली आले की आपोआप निघावं.' मागच्या बाजूला साधनाचं नाव, म्हणजे 'डायनॅमिक लिस्ट', आणि त्याखाली तिन्ही प्रश्नांची उत्तरं. रोज जाताना वीस, येताना चुकलेली तेवढीच. हात लावून करायचं काम शनिवार-रविवारी सकाळी तीन-तीन तास आणि आठवड्यात एका रात्री दोन तास. थकून घरी आल्यावर रोज अर्धा तास बसण्यापेक्षा हे बरं, कारण प्रयोग मांडायलाच वीस मिनिटं जातात.

लीड मॅनेजमेंट: इथे रेंगाळा

पाच साधनं पक्की झाली की अर्धी लढाई जिंकलीत.

कम्प्लिशन ॲक्शन ही फॉर्म, फाइल, ईमेलची लिंक अशा एखाद्या वस्तूला चिकटलेली असते. माणसाने ती कृती केली की चालते आणि पुन्हा केली की पुन्हा चालते. मागे झालेल्या कृतींवर ती चालत नाही. 'कोणीही किंमतपत्रक उतरवून घेतलं की दर वेळी विक्री प्रतिनिधीला कळवा' या कामाला हीच.

पेज ॲक्शन त्याच जातीची, फक्त ती वेबसाइटच्या ठरावीक पानाला लावलेली असते.

सेगमेंटेशन रूल म्हणजे एकदाच मारलेला हात. चालवताना जे निकषात बसतात ते घेतो आणि संपतो. गोरेगावच्या नेस्कोतल्या प्रदर्शनाला आलेल्यांवर एकदाच टॅग लावायचा असेल तर हा पुरे.

ऑटोमेशन रूल सतत चालू राहतो. आधीपासून निकषात बसणारे आणि पुढे बसतील ते, दोघांनाही धरतो. पण एका माणसावर एकदाच चालतो. पुन्हा चालवायचा असेल तर रिपीटची सोय मुद्दाम चालू करावी लागते. बनवल्याबरोबर तो थांबलेल्या अवस्थेत असतो. आधी प्रिव्ह्यू बघून किती जण लागू होतात ते पाहा आणि मगच सुरू करा. निकष विसरल्यामुळे संपूर्ण डेटाबेसवर नियम चालणं ही या साधनातली सगळ्यात महागडी चूक आहे.

डायनॅमिक लिस्ट आणि ऑटोमेशन रूल यांच्यातला फरक परीक्षेत घोळवून घोळवून विचारतात. डायनॅमिक लिस्ट निकषात बसणाऱ्याला आत घेते आणि निकष सुटला की बाहेर काढते. ऑटोमेशन रूलने यादीत टाकलेला माणूस निकष सुटला तरी यादीतच राहतो, केलेली कृती उलटत नाही. त्यामुळे प्रश्नात 'काढून टाका' किंवा 'सध्या जे बसतात तेवढेच' असा सूर दिसला की डायनॅमिक लिस्टकडे बघा.

यानंतर स्कोअर आणि ग्रेड. स्कोअर सांगतो की समोरच्याला आपल्यात किती रस आहे. ग्रेड सांगते की आपल्याला त्याच्यात किती रस असायला हवा. हे दोन्ही आकड्यांनी एकदा करून बघा. मूळ मांडणीत वेबसाइटचं एक पान बघितलं की १ गुण, फॉर्म यशस्वी भरला की ५० गुण, आणि संधी हातातून गेली, म्हणजे ऑपॉर्च्युनिटी लॉस्ट झाली, की १०० वजा.

भिवंडीच्या एका गोदामातल्या खरेदी व्यवस्थापक बाईंनी फॉर्म भरला आणि नंतर १२ पानं पाहिली. स्कोअर झाला ६२. ग्रेडची सुरुवात सगळ्यांची डी पासून होते आणि ती एकेका अक्षराच्या एक-तृतीयांश पायऱ्यांनी वर-खाली सरकते. कंपनीने ठरवलंय की हुद्दा जुळला तर पूर्ण अक्षर आणि मुंबई महानगर प्रदेशातला पत्ता असला तर दोन-तृतीयांश. हुद्द्याच्या तीन पायऱ्या: डी वरून डी प्लस, सी मायनस, सी. पत्त्याच्या दोन: सी प्लस, बी मायनस. बाईंची ग्रेड बी मायनस. त्याच आठवड्यात प्रकल्पासाठी माहिती गोळा करणाऱ्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने दोन फॉर्म भरले आणि ३० पानं पाहिली. त्याचा स्कोअर १३० आणि ग्रेड डी. विक्रीवाल्यांनी आधी फोन कोणाला करायचा? नुसत्या स्कोअरवर चालणारी कंपनी विद्यार्थ्याला फोन करेल. हे उदाहरण स्वतःच्या धंद्यातले आकडे घालून वहीत पुन्हा मांडा.

इथला खड्डाही ध्यानात ठेवा. ग्रेडिंगचं प्रोफाइल बनवलं, त्यात निकष लिहिले, म्हणून ग्रेड आपोआप हलत नाही. 'हुद्द्याचा निकष जुळला' अशी खूण करायला ऑटोमेशन रूलसारखं काहीतरी लागतं, नाहीतर हाताने करावी लागते. 'प्रोफाइल केलं पण सगळे डी वरच आहेत, कारण काय?' अशा प्रश्नाचं उत्तर यात आहे.

आणखी एक गोष्ट: अकाउंट एंगेजमेंटमध्ये नव्याने आलेला प्रॉस्पेक्ट एखाद्या वापरकर्त्याला किंवा क्यूला (सामायिक रांगेला) नेमून दिला की मगच तो सेल्सफोर्समध्ये लीड म्हणून जातो. 'मार्केटिंगला दिसतो, विक्रीला दिसत नाही' हा प्रसंग आला तर आधी नेमणूक झाली आहे का ते तपासा.

फॉर्म आणि फॉर्म हँडलर

फॉर्म अकाउंट एंगेजमेंटमध्येच बनतो. फॉर्म हँडलर हा कंपनीच्या वेबसाइटवर आधीपासून असलेल्या फॉर्ममधला मजकूर आत आणून देतो. प्रश्न बहुधा असा येतो की कंपनीला आपल्या फॉर्मचं रूप बदलायचं नाही, किंवा तीच माहिती स्वतःच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही जायला हवी. तिथे हँडलर. पण ओळखीच्या माणसाला आधी विचारलेले प्रश्न गाळून नवे विचारायचे असतील, म्हणजे प्रोग्रेसिव्ह प्रोफाइलिंग हवं असेल, तर फॉर्मच लागतो. हँडलरला ते जमत नाही. फॉर्म नुसता उघडून बघितला गेला याची नोंदही हँडलरकडे होत नाही, त्याला कळतं ते फक्त भरून पाठवलेलं. हा एक फरक पाठ असला तर दोन-तीन प्रश्न सुटतात.

हँडलरची ठरलेली बिघाडी म्हणजे फील्डची नावं न जुळणं. वेबसाइटवरच्या रकान्याचं आतलं नाव आणि हँडलरमध्ये लिहिलेलं बाहेरचं नाव अक्षरशः एक असायला हवं. एका अक्षराचा फरक पडला तरी त्या रकान्यातली माहिती येत नाही, आणि तो रकाना सक्तीचा असेल तर पूर्ण नोंदच फसते.

एंगेजमेंट स्टुडिओ आणि फुकटची प्रयोगशाळा

या सॉफ्टवेअरचा परवाना महाग आहे, हौस म्हणून एकट्याने घ्यायची ही गोष्ट नाही. ऑफिसात असेल तर ॲडमिनला सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या वेगळ्या प्रतीत, प्रवेश मागा. चालू बिझनेस युनिटमध्ये प्रयोग करू नका, खऱ्या ग्राहकांना ईमेल जातील. ऑफिसात नसेल, तर आमचा सल्ला असा की मॉटिक वापरा. हे मुक्त-स्रोत मार्केटिंग ऑटोमेशन सॉफ्टवेअर आहे, साध्या लॅपटॉपवर डॉकरमधून (सॉफ्टवेअर तयार डब्यात चालवणाऱ्या साधनातून) चालतं आणि पैसे लागत नाहीत.

मॉटिकच सुचवण्याचं कारण त्याच्या कॅम्पेन बिल्डरमध्ये आहे. त्यात तीन प्रकारचे ठोकळे असतात: ॲक्शन, डिसिजन आणि कंडिशन. एंगेजमेंट स्टुडिओतही तीनच आहेत: ॲक्शन, ट्रिगर आणि रूल. ॲक्शन म्हणजे आपण काहीतरी करतो, ईमेल पाठवतो, यादीत टाकतो. ट्रिगर, म्हणजेच मॉटिकचं डिसिजन, हे समोरच्याने लिंक दाबली का, फॉर्म भरला का याकडे कान लावून बसतं. रूल, म्हणजेच कंडिशन, हे माणसाच्या नोंदीतली एखादी गोष्ट तपासतं: शहर ठाणे आहे का, स्कोअर ५० च्या वर आहे का. ट्रिगर आणि रूल यांची गल्लत हा या १७ टक्क्यांतला सगळ्यात मोठा गळतीचा भाग आहे. हाताने एकदा बांधलं की तो घोळ राहत नाही.

प्रयोग असा करा.

१. मॉटिक सुरू करा. सोबत मेलपिटसारखं ईमेल पकडून ठेवणारं साधन जोडा, म्हणजे पाठवलेली प्रत्येक ईमेल तुमच्याच लॅपटॉपवर दिसेल, बाहेर जाणार नाही. दहा काल्पनिक संपर्क भरा आणि पत्ते एक्झाम्पल डॉट कॉमवरचे द्या. ते डोमेन नमुन्यांसाठीच राखून ठेवलेलं आहे.

२. 'शहर ठाणे' या निकषावर एक सेगमेंट बनवा. आता एका संपर्काचं शहर पुणे करा. सेगमेंट अद्ययावत करणारी आज्ञा (खाली दिली आहे) चालवून तो सेगमेंटमधून निघतो का बघा. डायनॅमिक लिस्टचं वागणं हेच.

३. कॅम्पेन बांधा: पहिली ईमेल, त्याखाली लिंक दाबली का हे डिसिजन, होकाराच्या फांदीवर १० गुण, नकाराच्या फांदीवर दुसरी ईमेल. प्रतीक्षा तीन दिवसांऐवजी दहा मिनिटांची ठेवा, नाहीतर शनिवार वाया जाईल.

४. मेलपिटमध्ये तीन जणांच्या ईमेलमधली लिंक दाबा, बाकीच्यांची सोडा. मग प्रत्येक संपर्काच्या नोंदीत कोण कुठल्या फांदीवर गेला ते वाचा.

बहुतेकांचं घोडं तिसऱ्या पायरीवर अडतं. कॅम्पेन सुरू दिसतं, पण आत शून्य माणसं. कारण मॉटिक स्वतःहून काही हलवत नाही, त्याला वेळोवेळी ढकलणाऱ्या क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) आज्ञा लागतात. त्या तीन आहेत आणि क्रम महत्त्वाचा आहे: आधी सेगमेंट अद्ययावत करणारी, मग कॅम्पेनमध्ये माणसं भरणारी, मग कॅम्पेनची पावलं टाकणारी. तिन्हींमध्ये पाच-पाच मिनिटांचं अंतर ठेवून लावा. सरावापुरत्या हाताने चालवल्या तरी हरकत नाही, उलट प्रत्येक आज्ञेनंतर काय हललं ते नीट दिसतं.

दोन्हींत फरक कुठे आहे तेही लिहून ठेवा, नाहीतर परीक्षेत मॉटिकचं उत्तर द्याल. मॉटिकमध्ये नकाराच्या फांदीवरची प्रतीक्षा त्या फांदीतल्या पुढच्या ॲक्शनवर लावतात. एंगेजमेंट स्टुडिओत प्रतीक्षेची मुदत ट्रिगरमध्येच असते: मुदतीच्या आत कृती झाली तर माणूस होकाराकडे जातो, मुदत संपली तर नकाराकडे. मॉटिकमध्ये गुण आहेत, ग्रेड नाही. आणि एंगेजमेंट स्टुडिओचा एक नियम लक्षात ठेवाच: माणूस रेसिपियंट लिस्टमधून, म्हणजे कार्यक्रम ज्यांच्यासाठी चालतो त्या यादीतून, काढला तर तो कार्यक्रमात जिथे असेल तिथे थांबतो, पुन्हा यादीत आला की तिथूनच पुढे निघतो. पहिल्यापासून सुरुवात होत नाही. सप्रेशन लिस्टमधल्यांना ईमेल जाऊ नये हा हेतू असेल तर ती यादी कार्यक्रम सुरू करण्याआधी जोडलेली हवी. चालू कार्यक्रमात फेरफार करायचा तर आधी तो थांबवावा लागतो.

ईमेल, ॲडमिनिस्ट्रेशन आणि उरलेलं

ईमेलमध्ये परवानगी हा कणा आहे. अकाउंट एंगेजमेंटमध्ये विकत घेतलेल्या याद्या चालत नाहीत, आणि असा पर्याय उत्तरात दिसला तर तो बेधडक खोडा. नेस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या बरणीत टाकलेली व्हिजिटिंग कार्डं म्हणजे ईमेल पाठवायची संमती होत नाही. आधी संमती घेणारी ईमेल, मग बाकीचं. एक हार्ड बाउन्स (ईमेल कायमची परत येणं) झाला किंवा पाच सॉफ्ट बाउन्स (तात्पुरत्या अडचणीने परत येणं) झाले की त्या पत्त्यावर पाठवणं बंद होतं. यादीला जाणाऱ्या प्रत्येक मार्केटिंग ईमेलमध्ये अनसबस्क्राइब किंवा प्रेफरन्स सेंटरची (कोणत्या ईमेल हव्यात ते निवडायच्या पानाची) लिंक हवीच. ऑपरेशनल, म्हणजे जाहिरात नसलेली कामापुरती ईमेल मात्र नाव काढलेल्यांनाही जाऊ शकते, म्हणून ती जाहिरातीला वापरणं हा गैरवापर ठरतो.

एसपीएफ आणि डीकेआयएम ही पाठवणाऱ्या डोमेनची ओळख पटवणारी व्यवस्था. नुसती नावं पाठ करू नका, ती कशासाठी आहेत ते समजून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना या दोन्हींसोबत डीमार्क (ओळख न पटलेल्या ईमेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आणि एका टिचकीत नाव काढायची सोयही द्यावी लागते. नोकरीत याचा उपयोग परीक्षेपेक्षा जास्त आहे. तसंच ओपन रेटचं. २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणली तेव्हापासून 'उघडली' ही नोंद फुगलेली असू शकते. कार्यक्रम बांधताना क्लिकवर भर द्या.

ॲडमिनिस्ट्रेशनसाठी चार मूळ भूमिका, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर, मार्केटिंग, सेल्स मॅनेजर आणि सेल्स, आणि त्यांतला कोण काय करू शकतो ते बघून घ्या. सेल्सफोर्सशी जुळणी करताना एखाद्या फील्डची दोन्हीकडे वेगळी किंमत असेल तर कोणाची टिकते, हे त्या फील्डच्या मांडणीवर ठरतं: सेल्सफोर्सची, अकाउंट एंगेजमेंटची किंवा जी शेवटी बदलली ती. काढून टाकलेला प्रॉस्पेक्ट रिसायकल बिनमध्ये जातो आणि ऑटोमेशन रूल तिथे बघत नाही.

व्हिजिटर म्हणजे निनावी कुकी, प्रॉस्पेक्ट म्हणजे ईमेल पत्ता कळलेला माणूस. ऑफिसच्या लॅपटॉपवर आणि गाडीत फोनवर तीच साइट बघणारा एकच माणूस ओळख पटेपर्यंत दोन व्हिजिटर असतो. फाइलमधून आयात केलेल्या प्रॉस्पेक्टला सुरुवातीला कुठलाच व्हिजिटर जोडलेला नसतो. या भागात एवढं पक्कं असलं तरी पाचपैकी तीन-चार प्रश्न सुटायला हरकत नाही.

डम्पपासून लांब राहा

टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर 'हमखास येणारे प्रश्न' म्हणून पीडीएफ फिरतात. त्यांतली उत्तरं पुष्कळदा चुकलेली असतात, बरीचशी नाव बदलण्याआधीच्या काळातली असतात, आणि ती वापरणं हा परीक्षेच्या कराराचा भंग आहे. त्यासाठी प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. त्यापेक्षा पाचव्या आठवड्यात स्वतः ४० प्रश्न लिहा. एक बरोबर उत्तर आणि तीन चुकीची, पण पटण्यासारखी. चुकीचा पर्याय पटेल असा लिहायला बसलं की दोन साधनांमधली सीमा आपल्याला कुठे धूसर आहे ते लगेच कळतं. दोघं-तिघं मिळून तयारी करत असाल तर एकमेकांचे प्रश्न सोडवा.

सहाव्या आठवड्यात दोनदा पूर्ण ६० प्रश्न ९० मिनिटांत, मधे न उठता सोडवा. चुकीच्या प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहा: माहीत नव्हतं, गल्लत झाली, की प्रश्न नीट वाचला नाही. तिसऱ्या कारणाची संख्या मोठी असेल तर आणखी वाचन करू नका, प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय करा. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी प्रश्न मनात मराठीत आणून सोडवायची सवय असते, त्यात काहीच वावगं नाही. फक्त 'ऑटोमॅटिकली', 'ऑलरेडी', 'एव्हरी टाइम', 'ओन्ली वन्स' हे शब्द वाटेत सांडू देऊ नका. सगळं उत्तर त्या एका शब्दावर टांगलेलं असतं. 'चूज टू आन्सर्स' लिहिलं असेल तर दोन्ही बरोबर हवीत, एकाला अर्धे गुण मिळत नाहीत.

नोंदणी आणि परीक्षेचा दिवस

नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव रोमन लिपीत अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे गडबड मधल्या नावाची होते: पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ट्रेलहेडच्या खात्यावर फक्त नाव-आडनाव. लग्नानंतर आडनाव एका कागदावर बदललेलं आणि दुसऱ्यावर जुनंच असंही असतं. हे परीक्षेच्या दारात सुटत नाही, दोन आठवडे आधी बघा. फोटो आणि सही दोन्ही असलेलं ओळखपत्र न्या. पासपोर्ट असेल तर तोच.

घरून परीक्षा देता येते, पण वन रूम किचनमध्ये जमेल का याचा खरा विचार करा. खोलीत दुसरं कोणी येता कामा नये, टेबल रिकामं हवं, दुसरा मॉनिटर चालत नाही, फोन हाताशी नको. प्रश्न ओठांनी पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती सरावातच मोडा, घरून देताना पर्यवेक्षक तेवढ्यावरूनही हटकतो. गणपतीचे दिवस आणि शेजारच्या मंडळाचा मंडप लक्षात घेऊनच तारीख निवडा. पर्यवेक्षणाचं सॉफ्टवेअर आदल्या दिवशी तपासा. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका, त्यावरची सुरक्षा हे सॉफ्टवेअर अडवते.

केंद्रावर जायचं ठरवलं तर रविवार टाळा, मेगाब्लॉकचं वेळापत्रक आयत्या वेळी कळून उपयोग नसतो. पावसाळ्यात दुपारपेक्षा सकाळची वेळ घ्या आणि पाऊण तास आधी पोहोचाल असं निघा.

पेपर हातात आल्यावर पहिली फेरी ६० मिनिटांची. दीड मिनिटात उत्तर सुचलं नाही तर सगळ्यात जवळचा पर्याय निवडा, खूण करा आणि पुढे जा. कोरा प्रश्न ठेवू नका, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. उरलेल्या ३० मिनिटांत फक्त खुणा केलेले बघा. प्रत्येकाला पुन्हा तेच विचारा: कोणावर, केव्हापासून, किती वेळा. नवं ठोस कारण सापडलं नाही तर आधीचं उत्तर बदलू नका.

निकालासोबत विभागवार टक्के मिळतात. ते त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या. हुकलं असेल तर ४८ तासांची वाटणी या टक्क्यांवरून नव्याने करा: ज्या विभागात ६० टक्क्यांच्या खाली आहात आणि ज्याचं वजन २० टक्के किंवा जास्त आहे, तिथे निम्मा वेळ द्या. व्हिजिटर-प्रॉस्पेक्टमध्ये ४० टक्के पडले म्हणून घाबरून सगळं तिथेच ओतू नका, तो पाच प्रश्नांचा मामला आहे. उत्तीर्ण झालात तर ट्रेलहेडवरचं देखभालीचं मॉड्यूल दर वर्षी मुदतीत पूर्ण करावं लागतं. ते फुकट असतं आणि तासाभरात होतं, पण चुकवलं तर प्रमाणपत्र बाद होऊन परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते. मुदतीची तारीख खात्यात दिसते, ती आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये एक महिना आधीच्या आठवणीसह टाका.